जुनी मोटारबोट : भंगार की 'क्लासिक'?

नंदुरबार जिल्ह्यात नाव चालवण्याचा धंदा फार जुना, पण मोटारबोटीचा धंदा तसा अलीकडचा आहे. तापीकाठच्या प्रकाशा, सारंगखेडा या गावांना नाव नवीन नाही. उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याचा फुगवटा आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत आला. त्यानंतर १९९० च्या दशकात सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत चढू लागले. महाराष्ट्रातील ३३ गावे या प्रकल्पात बाधित ठरली. त्यांपैकी ९ अक्कलकुवा तालुक्यातील आणि २४ अक्राणी तालुक्यातील. जिथे पूर्वी पायवाट होती तिथे पाणी आले आणि पाण्यावर बोट आली. आज मणिबेलीसारख्या गावात मतदानाचे साहित्य न्यायचे असो, की आरोग्य खात्याच्या तरंगत्या दवाखान्याने काठावरच्या पाड्यांना औषध पोहोचवायचे असो, बोटीशिवाय काम होत नाही.

बोट आली की मिस्त्री आला. डिझेल इंजिन उघडणारा, पत्रा वेल्ड करणारा, शाफ्ट लेथवर लावणारा, रंग मारणारा आणि सुटे भाग पुरवणारा दुकानदार अशी साखळी तयार होते. आपल्या समाजातील अनेकांची रोजी याच हुनरांवर चालते. आज ना उद्या अशा प्रत्येक कारागिरापुढे एक प्रश्न येतो. बोट जुनी झाली. तिला तोडून पत्रा व इंजिन भंगारात द्यायचे, की दुरुस्त करून ठेवायची? परदेशात काही जुन्या मोटारबोटी नव्या बोटींपेक्षा महाग विकल्या जातात, हेही कानावर येते. मग आपल्याकडची जुनी बोट तशी का नाही? कोणती जुनी बोट 'क्लासिक' आणि कोणती नुसतीच जुनी, हे ठरते तरी कशावरून? हा प्रश्न शौकिनांचा वाटला तरी त्यात कारागिराच्या पैशाचा आणि उतारूंच्या जिवाचा संबंध आहे. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

नुसते वय पुरेसे नाही

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन समजेल. तिथे घोड्याचे दात पाहून वय ओळखतात, पण किंमत दातांवर ठरत नाही. वाण, बांधा, चाल, अंगावरच्या खुणा आणि घोडा कोणाच्या पागेतला, हे सगळे पाहून बोली लागते. म्हातारा घोडा म्हातारा आहे एवढ्यासाठी कोणी जास्त पैसे देत नाही. जुन्या यंत्राचेही तसेच आहे.

तरीही हिशोबाला कुठेतरी सुरुवात हवी, म्हणून वेगवेगळ्या देशांत वयाची रेघ आखली आहे. जुन्या बोटींच्या शौकिनांची अमेरिकेतील मोठी संस्था १९७५ साली स्थापन झाली. तिने वर्ग पाडले आहेत ते असे. १९१८ पर्यंत बांधलेली बोट 'ऐतिहासिक', १९१९ ते १९४२ मधली 'अँटिक' म्हणजे पुरातन, आणि १९४३ ते १९७५ मधली 'क्लासिक'. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक जहाजांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यात नाव लागायला बोट किमान ५० वर्षांची, ३३ फुटांपेक्षा लांब आणि बऱ्याच अंशी मूळ स्वरूपात शाबूत असावी लागते.

आपल्या देशात जुन्या वस्तूंसंबंधी १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. त्यात सर्वसाधारण वस्तूला 'पुरावशेष' ठरायला १०० वर्षे लागतात. रस्त्यावरच्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली 'व्हिंटेज' वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी त्यांत बसते. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि फेरनोंदणीची ५,००० रुपये ठेवली आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. मात्र हे नियम मोटारगाड्यांचे आहेत, बोटींना ते लागू नाहीत. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

सरदार सरोवराच्या पाण्यासाठी बांधलेली अगदी पहिली बोट धरली तरी तिचे वय आज तीस-पस्तीस वर्षांच्या पुढे जात नाही. म्हणजे ५० वर्षांच्या मापाने ती अजून उंबरठ्याच्या बाहेर आहे. एखादी जुनी लाँच मुंबईकडून वा गुजरातच्या किनाऱ्यावरून विकत आणली असेल तर गोष्ट वेगळी. पण वय हा फक्त दरवाजा आहे. आत गेल्यावर खरी परीक्षा होते.

पाच कसोट्या

जगभरच्या जाणकारांचे बोलणे आणि लिहिणे पाहिले तर जुन्या बोटीला 'क्लासिक' म्हणताना पाच गोष्टी पाहिल्या जातात असे दिसते.

पहिली कसोटी : त्या मॉडेलने धंद्याला नवी दिशा दिली काय?

अमेरिकेत मिशिगन राज्यात अल्गोनॅक नावाचे गाव आहे. तिथल्या ख्रिस स्मिथ या बोटबांध्याच्या कुटुंबाने १९२२ साली कंपनी काढली. तिचे नाव पुढे 'ख्रिस-क्राफ्ट' म्हणून गाजले. तोपर्यंत मोटारबोट ही श्रीमंताने खास सांगून बांधून घ्यायची चीज होती. या मंडळींनी एकाच साच्याच्या बोटी ओळीने बांधायला घेतल्या. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिने स्वस्तात निघाली होती. तीच पाण्यावर चालतील अशी फेरफार करून बसवली. आपल्याकडच्या मिस्त्रीला ही युक्ती ओळखीची वाटेल. त्या बोटी आज क्लासिक मानल्या जातात. त्यांनी मोटारबोट सामान्य ग्राहकापर्यंत नेली, हे त्याचे मोठे कारण आहे.

दुसरे उदाहरण याहून साधे आहे. १९५८ साली अमेरिकेत 'बोस्टन व्हेलर' नावाची १३ फुटी फायबरची बोट निघाली. दोन पातळ कवचांच्या मध्ये फेस भरलेला, त्यामुळे ती बुडतच नसे. १९६१ साली 'लाइफ' मासिकात तिची छायाचित्रे आली. मालक बोटीत बसलेला असताना ती करवतीने मधोमध कापली आणि अर्ध्या बोटीतही तो तरंगत राहिला. या बोटीत ना महागडे लाकूड, ना चकचकीत पितळ. तरीही ती क्लासिक ठरली, कारण न बुडण्याचा गुण तिने सामान्य माणसाच्या बोटीत आणला. म्हणजे क्लासिक म्हणजे लाकडीच, हा समज खरा नाही.

दुसरी कसोटी : बांधणी आणि घाट

इटलीत इझिओ सरोवराच्या काठी सार्निको गावी रिवा घराण्याचा बोटीचा कारखाना आहे. त्यांचे 'अक्वारामा' हे मॉडेल १९६२ साली आले आणि १९९६ पर्यंत बनत राहिले. महोगनीचे लाकूड, त्यावर वॉर्निशचे थरावर थर, पोटात अमेरिकी घडणीची दोन इंजिने. ही बोट पाण्यावर उभी असताना लोक वळून पाहतात. पण जाणकार नुसता रंग पाहत नाही. फळीला फळी कशी मिळवली, सांधा किती बारीक, वजन कुठे ठेवले, लाट कापताना नाळ वर उचलते की पाण्यात घुसते, हे तो पाहतो. चांगला घाट म्हणजे दिसायला सुबक आणि चालायला हलका. या दोन्हींपैकी एक नसेल तर बोट शोभेची राहते किंवा नुसत्या कामाची.

तिसरी कसोटी : मूळपणा

ही सर्वांत कठीण कसोटी आहे आणि कारागिराच्या हातात सर्वांत जास्त तीच असते. वर सांगितलेल्या अमेरिकी संस्थेच्या स्पर्धांत बोटींचे दोन प्रकार करतात, 'जतन केलेल्या' आणि 'पुन्हा घडवलेल्या'. डेक आणि पाण्यावरच्या बाजू यांचे निदान ६० टक्के साहित्य मूळचे असेल तरच बोट 'जतन केलेली' धरतात. बाकी लाकूड बदलले असेल तर ती दुसऱ्या प्रकारात जाते. इथे हिशोब उलटा आहे. बाजारात नवे म्हणजे चांगले. इथे जुने पण शाबूत ते चांगले. उत्साहाच्या भरात सगळे नवे करून टाकणारा मिस्त्री मालकाचे नुकसान करतो आणि त्याला ते कळतही नाही.

चौथी कसोटी : कागद आणि इतिहास

ख्रिस-क्राफ्ट कंपनी प्रत्येक बोटीचे एक कार्ड ठेवत असे. त्यावर बोटीचा क्रमांक, इंजिन आणि पाठवणी यांची नोंद असे. ही कार्डे आज अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील एका सागरी संग्रहालयात आहेत. आज बोट बाळगणारा आपल्या बोटीच्या कार्डाची नक्कल तिथून मागवतो आणि बोट खरी असल्याचे दाखवून देतो. १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावरून अडकलेले सैनिक आणायला इंग्लंडच्या शेकडो लहान बोटी गेल्या होत्या. त्यांत मासेमारीच्या होत्या, सहलीच्या होत्या, नदीत फिरणाऱ्याही होत्या. त्यांपैकी अनेक बोटींत बांधणीचे काही विशेष नव्हते. पण 'ही बोट डंकर्कला गेली होती' एवढे कागदोपत्री सिद्ध झाले की तिचा मान वेगळा. कागद नसेल तर तीच बोट चार सामान्य बोटींपैकी एक.

पाचवी कसोटी : दुर्मिळता आणि तिला मागणारे लोक

मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. हजारोंनी होत्या तेव्हा कोणी वळून पाहिले नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून हटली. मग लोकांना हळहळ वाटू लागली, एखादी तरी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. नुसती दुर्मिळ असून मात्र भागत नाही. एखादे मॉडेल वाईट होते म्हणून थोडेच खपले असेल, तर तेही दुर्मिळच. पण त्याला मागणारा नाही. ज्या वस्तूवर लोकांचा जीव होता ती कमी झाली, की मोल चढते.

नावात 'क्लासिक' असल्याने काही होत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होणारी बुलेट मोटारसायकल लोकांनी अनेक वर्षांत क्लासिक ठरवली. २००९ साली कंपनीने नवी गाडीच 'क्लासिक' नावाने काढली. ती चांगली खपली, पण क्लासिकपणा जुन्या बुलेटने कमावला होता.

आपल्या राज्यात पाहायचे तर

या पाच कसोट्या घेऊन महाराष्ट्रात फिरले, तर नजर प्रथम कोकणच्या आणि मुंबईच्या लाकडी लाँचकडे जाते. भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवसला जाणाऱ्या, गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाकडी लाँचमधून कित्येक पिढ्या गेल्या. आधी शिडाची गलबते व मचवे होते. मग त्याच घाटाच्या बोटींत डिझेल इंजिन बसले. या धंद्यात कोळी, खारवी, भंडारी यांच्याबरोबर कोकणी मुसलमानही पिढ्यान् पिढ्या आहेत. खलाशी, सारंग, नाखुदा हे या धंद्यातले शब्द अरबी-फारसीतून आपल्या बंदरांवर आले, ते याच देवघेवीमुळे.

या लाँचचा घाट एखाद्या इंजिनिअरने कागदावर काढलेला नसे. बोटबांधणारा सुतार डोळ्याने आणि दोरीने माप धरी. सागाची फळी वाकवून बसवी. सांध्यांत सूत आणि तेल-राळ भरून पाणी बंद करी. असे सुतार कमी होत चालले, कारण फायबरची बोट साच्यातून लवकर निघते आणि देखभाल कमी मागते. म्हणजे घाट आहे, इतिहास आहे, दुर्मिळताही येत आहे. कमी काय आहे? कागद. कोणती लाँच कोणत्या साली, कोणत्या बंदरात, कोणी बांधली याची नोंद अनेकदा फक्त जुन्या माणसांच्या तोंडी असते. तो माणूस गेला की बोटीचा इतिहासही गेला. ख्रिस-क्राफ्टच्या कार्डाशी तुलना करून पाहावी, म्हणजे फरक ध्यानात येईल.

इंजिनाची गोष्ट

बोटीचे अर्धे मोल इंजिनात असते आणि आपल्या जिल्ह्यातील कारागीर बोटीपेक्षा इंजिनाला अधिक ओळखतो. इंग्लंडमधील डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ च्या सुमारास थंडीतही चालू होणारे संथ गतीचे डिझेल इंजिन काढले. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे, जड चाक, हँडल मारून चालू करायचे. आपल्या शेतांत विहिरीवर 'टुक् टुक्' करणारे इंजिन याच जातीचे. मूळ कंपनीने हे मॉडेल १९८७ साली थांबवले. राजकोटच्या कारखान्यांनी मात्र त्याच्या नकला बनवणे सोडले नाही. आणि गंमत पाहा, पुढे हीच राजकोटची इंजिने अमेरिकेतील शौकिनांनी मागवली. ती त्यांना का आवडली? चार पान्यांत उघडते, भाग सहज बनतात, आणि हळू चालते म्हणून लवकर झिजत नाही. पुढे तिथल्या धूर-प्रदूषणाच्या नियमांमुळे या आयातीला आडकाठी आली.

यातून धंद्याला एक धडा मिळतो. जे यंत्र गावचा मिस्त्री दुरुस्त करू शकतो ते फार वर्षे जगते, आणि जे फार वर्षे जगते त्यालाच क्लासिक होण्याची संधी मिळते. बंद डब्यात इलेक्ट्रॉनिक भाग असलेले इंजिन कितीही चांगले असले, तरी तो डबा मिळेनासा झाला की बोट उभी राहते.

जतन करताना काय करावे, काय टाळावे

जुनी लाकडी, लोखंडी वा फायबरची बोट दुरुस्तीला आली, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) हात लावण्याआधी छायाचित्रे काढा. इंजिनाची पाटी, बोटीचा क्रमांक, जुन्या रंगाचे थर, स्क्रूच्या जागा यांची नोंद करा. क्रमांकाची पाटी घासू नका, तिच्यावर रंग मारू नका. पाटी गेली की बोटीची ओळख गेली.

२) काढलेला मूळ भाग मालकाला विचारल्याशिवाय भंगारात देऊ नका. तुटका कार्ब्युरेटर किंवा वाकलेला पितळी क्लीटसुद्धा पोत्यात बांधून बोटीबरोबर द्यावा. उद्या त्यावरून नवा घडवता येतो.

३) लाकडी बोटीवर वरून फायबरचे कापड चढवण्याची टूम आहे. काही दिवस बोट गळत नाही, म्हणून मालक खूश होतो. पण जुने फळ्यांचे लाकूड ओले होऊन फुगते, वाळून आकसते. फायबर तसे हलत नाही. दोहोंची पकड सुटते, आत ओल अडकते आणि लाकूड आतून कुजते. वरून बोट नवी आणि आतून भुसा. जिथे फळी कुजली तिथे त्याच जातीची फळी घालणे हेच खरे काम.

४) खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने, विशेषतः डेकवर साचणाऱ्या पावसाच्या पाण्याने, लाकूड लवकर कुजते. धरणातल्या बोटींना ही भीती जास्त. शिवाय उन्हाळ्यात पाणी उतरले की बोट काठावर कोरडी पडते आणि फळ्यांचे सांधे उघडतात. अशी बोट पुन्हा पाण्यात टाकल्याबरोबर माणसे बसवू नयेत. फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत तिला काठाशी बांधून ठेवावे.

५) लोखंडी बोटीत पाण्याच्या रेषेजवळचा पत्रा आधी झिजतो. रंगाखाली तो दिसत नाही. हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, शंका आली तर पत्र्याची जाडी मोजणाऱ्या यंत्राने तपासावी. पातळ पत्र्यावर ठिगळ वेल्ड केले तर वेल्डच्या कडेला नवे भोक पडते.

६) फायबरच्या बोटीत मागची फळी, जिच्यावर बाहेरचे इंजिन टांगतात, ती आतून प्लायवूडची असू शकते. बोल्टच्या भोकातून पाणी शिरले की ती कुजते. इंजिन हलवून पाहिल्यावर फळी दबत असेल तर ती आधी बदला.

७) पितळी भागाला लोखंडी स्क्रू लावू नका. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना लागले की एक झिजू लागतो, आणि तिथे लोखंडच आधी जाते.

८) ट्रकचे इंजिन बोटीत बसवताना ते रस्त्यावरच्यासारखे चालेल असे धरू नका. ट्रकला चढ असतो तसा उतारही असतो. बोटीला उतार नसतो. इंजिन सतत भारावर चालते. थंड करायला नदीचे पाणी थेट इंजिनात फिरवले तर गाळ व क्षार बसतात. म्हणून पाण्याच्या दोन वेगळ्या वाटा ठेवणारी नळ्यांची टाकी लावणे चांगले. पंख्याचा व्यास व पाते इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळले नाही तर डिझेल जळते आणि बोट चालत नाही.

९) पेट्रोल इंजिनाच्या बोटीत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. इंजिन चालू करण्याआधी तळ उघडून हवा खेळू द्यावी. एका ठिणगीने बोट जळते.

कायदा आणि जीव

आता मागे राहिलेला मुद्दा. रस्त्यावरच्या जुन्या गाडीसाठी 'व्हिंटेज' वर्ग आहे, तसा नदीवरच्या बोटीसाठी नाही. १९१७ चा जुना कायदा रद्द करून संसदेने २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा केला आणि तो २०२२ साली अमलात आला. इंजिनाने चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणीचा दाखला, चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि विमा हे त्याचे मुख्य मुद्दे आहेत. आपल्या राज्यात बंदरे व जलवाहतुकीचे काम १९९६ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. बोट पन्नास वर्षांची असो की पाच, त्यात उतारू बसले की ती केवळ प्रवासी बोट आहे. जुनेपणाची सवलत कोणाला नाही आणि नसावीही.

हे सांगायचे कारण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. जानेवारी २०१९ मध्ये मकरसंक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ नर्मदेत भाविकांनी भरलेली बोट उलटली आणि माणसे बुडाली. मृतांत लहान मुले होती. बोटीचे माप ठरलेले असते. त्यापेक्षा जास्त माणसे चढली, सगळी एका बाजूला सरकली, की बोट नवी असली तरी उलटते. जुन्या बोटीत तर दुरुस्त्यांमुळे वजन वाढलेले असते. नवे जड इंजिन, वर पत्र्याचे छत, छतावर सामान. प्रत्येक फेरफाराने बोटीचा तोल वर सरकतो आणि पूर्वी जितकी माणसे पेलत होती तितकी ती पेलत नाही. म्हणून फेरफार करणाऱ्या मिस्त्रीने मालकाला स्पष्ट सांगितले पाहिजे की आता जुना आकडा चालणार नाही, पुन्हा तपासणी करून घ्या. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने गप्प बसणे हा धंदा नव्हे.

व्यापाऱ्याचा हिशोब

आता पैशाचे पाहू. जुनी बोट घेऊन, सजवून विकू आणि मोठा नफा काढू, असे कोणाच्या मनात असेल तर सांभाळून. क्लासिक बोटीच्या बाबतीत जगभर अनुभव असा की दुरुस्तीचा खर्च अनेकदा विक्रीच्या किमतीपेक्षा वर जातो. लाकूड, वॉर्निश आणि मुख्य म्हणजे मजुरीचे तास, हे सगळे धरले पाहिजे. आपल्याकडे अशा बोटींचा बाजारही बांधलेला नाही. त्यामुळे घेणारा आधी ठरलेला नसेल तर आपले भांडवल अडकवू नये.

पैसा कारागिराला आहे तो वेगळ्या जागी. जुनी बोट बाळगणाऱ्याला नवा भाग मिळत नाही, त्याला घडवून देणारा हात लागतो. पितळी ओतकाम, शाफ्ट घडवणे, जुन्या इंजिनाचे बुश बनवणे, सागाची फळी वाकवणे, हे काम कारखान्यात होत नाही. जुन्या मोटारी आणि मोटारसायकलींच्या धंद्यात हे आधीच दिसून आले आहे. तिथे उत्तम कारागिराकडे लोक शहरे ओलांडून येतात. हेच हात बोटीलाही चालतात आणि शेतातल्या इंजिनालाही.

विकताना दोष लपवू नये. कुठली फळी बदलली, इंजिन मूळचे की दुसरे, क्रमांक कोणाचा, हे बिलावर लिहून द्यावे. जुन्या मालाच्या धंद्यात दुकानाची पत हेच भांडवल असते. एकदा बनावट पाटी लावून मूळ म्हणून विकल्याचे उघड झाले की त्या दुकानाचा खरा मालही कोणी खरा मानत नाही.

आणि शेवटी नोंदीची सवय. एक साधी वही घ्यावी. दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक बोटीला एक पान. कुठे बांधली, कोणत्या साली, इंजिन कोणते, क्रमांक काय, आपण काय बदलले, कोणत्या तारखेला. बिलाची एक प्रत त्याच पानाला चिकटवावी. आज नर्मदेच्या पाण्यावर चालणाऱ्या बोटींपैकी कोणती उद्या क्लासिक ठरेल हे आज सांगता येत नाही. पद्मिनी टॅक्सीबद्दलही तेव्हा कोणी सांगू शकले नव्हते. पण ज्या बोटीच्या मागे असे पान असेल तिची तपासणी सोपी जाईल, विमा सोपा जाईल, आणि तोल, वजन, दुरुस्ती यांचा वाद उद्भवला तर मिस्त्रीपाशी दाखवायला पुरावा राहील. वहीची किंमत फार तर पन्नास-शंभर रुपये. एवढा खर्च कोणत्याही गॅरेजला परवडण्याजोगा आहे.